बोलणाऱ्या गिअरपेटीची बाजू

दिल्लीच्या मिस्त्रीमंडळींत एक शब्दप्रयोग रूढ आहे. ‘बाबूजी, गिअर बोल रहा है.’ गिअर कुरकुरतो, घरघरतो, किंचाळतो असं ते म्हणत नाहीत, बोलतो म्हणतात. मला हा प्रयोग मनापासून आवडतो, कारण निम्मं निदान त्यातच आलं. बोलणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यायचं असतं. पण हे वाक्य उच्चारून झालं की पुढच्या क्षणी जे केलं जातं, ते त्याचं तोंड बंद करण्यासाठी. माझं भांडण तिथून सुरू होतं.

भांडणाचा विषय आहे बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राचा ट्रान्सॅक्सल. शब्द अवघड, वस्तू सरळ. गिअरपेटी, डिफरन्शियल आणि मागच्या चाकांचा आस हे तिन्ही ॲल्युमिनियमच्या एकाच डब्यात बसवले की झाला ट्रान्सॅक्सल. इंजिनाची ताकद पट्ट्यावरून त्याच्या डोक्यावरच्या पुलीला मिळते, आत गेल्यावर तिचा वेग कमी होतो, जोर वाढतो, आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या आसांवरून ती चाकांपर्यंत पोचते.

दिल्लीला हे यंत्र परकं नाही. नवी दिल्ली आखली गेली तीच हिरवळ गृहीत धरून. विल्यम मस्टो या उद्यानतज्ज्ञाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस आजच्या राष्ट्रपती भवनाची बाग उभी केली, १९३६ साली आजची लोदी गार्डन ‘लेडी विलिंग्डन पार्क’ या नावाने खुली झाली, आणि या शहरामागे गवत कापण्याचं काम कायमचं लागलं. आता गोल्फची मैदानं, छावणीतली मैदानं, छत्तरपूरकडची फार्महाउसं आणि यमुनेपलीकडच्या मोठ्या वसाहती यांच्या हिरवळी त्यात मिळाल्या आहेत. मी राहतो त्या ग्रेटर नोएडातल्या वसाहतीतही असं एक जुनं यंत्र आहे, आणि या लेखाला निमित्त तेच झालं.

आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशीच मांडायला हवा.

विक्रेते, सर्व्हिस सेंटरवाले आणि वसाहतींचे देखभाल व्यवस्थापक एका सुरात सांगतात: हा डबा सीलबंद आहे. कारखान्यातून निघतानाच त्यात आयुष्यभर पुरेल एवढं वंगण भरलेलं असतं. घरगुती यंत्रांच्या पुस्तिकेत त्याच्यापुढे ‘देखभालीची गरज नाही’ असं छापलेलं असतं. ज्याला तेल काढायचं बूचच दिलेलं नाही, तो उघडण्यासाठी नाहीच. उघडलात तर दिल्लीची धूळ आत जाईल, भाग मिळणार नाहीत, आणि मजुरीत इतका पैसा जाईल की नवा आणलेला परवडला. तेव्हा आवाज येईपर्यंत चालवा, आवाज आला की बदला. हे म्हणणं उथळ नाही. धुळीची भीती खरी आहे, आणि अर्धवट जाणणाऱ्याने उघडलेला चांगला डबा कायमचा वाया गेलेला मी स्वतः पाहिला आहे.

दुसरा पक्ष बाजाराचा. तो म्हणतो, आवाज म्हणजे कोरडेपणा. जिथे भोक दिसेल तिथून ग्रीस मारा. तेलाचा डबा असेल तर ९० नंबरऐवजी १४० नंबर घाला. आवाज बसला की काम झालं.

एक म्हणतो हात लावू नका, दुसरा म्हणतो बाहेरून भरत राहा. वरवर पाहता ही दोन टोकं आहेत. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: आत काय झालंय ते पाहायची गरज नाही. मला खोडायचं आहे ते हे एकमत. आवाज करणारा ट्रान्सॅक्सल बहुतेक वेळा एखाद्या लहानशा भागामुळे आणि बिघडलेल्या वंगणामुळे बोलत असतो. तो उघडता येतो, दिल्लीतच दुरुस्त करता येतो, आणि न उघडता केलेला प्रत्येक उपाय त्याचं आयुष्य कमी करतो. हा माझा पक्ष.

‘सीलबंद’ या शब्दापासून सुरुवात करतो. नोकरीतली एकवीस वर्षं मी फरीदाबादच्या कारखान्यांत यंत्रांच्या देखभालीत घालवली. फरीदाबादला लागूनच बल्लभगढ आहे, आणि तिथे टेकम्सी कंपनीच्या कारखान्यात फ्रिजचे कॉम्प्रेसर तयार होतात. या नावाला आमच्या विषयात महत्त्व आहे, कारण याच अमेरिकन टेकम्सीच्या ‘पीअरलेस’ ट्रान्सॅक्सलांनी कित्येक दशकं जगभरची गवतकापणी यंत्रं चालवली. आता या दोन वस्तू शेजारी ठेवून पाहा. फ्रिजचा कॉम्प्रेसर खरोखर सीलबंद असतो. पोलादी घुमटाला चौफेर वेल्डिंग केलेलं, मोटरही आतच, फिरणारा एकही दांडा बाहेर येत नाही. आत ना हवेचा ओलावा जातो ना धूळ. म्हणून त्यातलं तेल वीस-वीस वर्षं टिकतं, आणि तिथे ‘आयुष्यभराचं वंगण’ म्हणणं रास्त आहे.

ट्रान्सॅक्सलच्या डब्यातून किती गोष्टी बाहेर येतात? वरून पट्ट्याच्या पुलीचा दांडा. दोन्ही बाजूंनी चाकांचे आस. गिअर बदलायच्या कांडीचं तोंड, ब्रेकचा दांडा. शिवाय काही डब्यांना श्वास घ्यायला छिद्र. यातलं प्रत्येक तोंड रबराच्या एका ओठाने किंवा रिंगेने राखलेलं असतं. तो ओठ उन्हात कडक होतो, धुळीने घासतो, आसावर खाच पाडतो. कॉम्प्रेसरचा ‘सीलबंद’ आणि ट्रान्सॅक्सलचा ‘सीलबंद’ हे एकच शब्द ल्यालेले दोन वेगळे अर्थ आहेत. पहिल्याचा अर्थ बंद. दुसऱ्याचा अर्थ, रबर शाबूत असेपर्यंत बंद.

बरं, रबर शाबूत आहे असं धरून चालू. तरी आतलं वंगण तेच राहतं का? तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून जून होतं, आणि वंगणशास्त्रात सर्रास वापरला जाणारा ठोकताळा असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा वेग दुपटीने वाढतो. पंचवीस अंशांच्या उन्हाळ्यात एखाद्या बंगल्याभोवतीचं अंगण आठवड्यातून एकदा कापायचं, हे गृहीत धरून पुस्तिका लिहिलेली असते. आमच्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांना टेकते. वीस अंशांचा फरक म्हणजे तेलाचं आयुष्य साधारण पाव. त्यात हरळी मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत वाढते, आणि पावसाळ्यात तर यंत्राला विश्रांतीच नसते. पुस्तिका खोटं सांगत नाही. ती आपल्याबद्दल सांगत नाही, इतकंच.

आणि निर्माते स्वतः काय करतात तेही पाहावं. हायड्रो-गिअर ही अमेरिकेत इलिनॉय राज्यातली कंपनी. तिचे हलके ट्रान्सॅक्सल देखभालमुक्त म्हणून विकले जातात. पण दिवसभर राबणाऱ्या यंत्रांसाठीच्या तिच्या मोठ्या जोड्यांना पहिलं तेल ७५ ते १०० तासांनी आणि पुढे दर ४०० तासांनी बदलायला सांगितलेलं आहे. एकाच कारखान्यातलं धातूकाम, तेलही त्याच जातीचं. फरक ग्राहकाच्या अपेक्षित वापराचा. मग वसाहतीतलं यंत्र व्यावसायिक यंत्राइतकं राबत असेल, तर त्याच्या तेलाने तरी कोणत्या न्यायाने अमर राहावं? फरीदाबादच्या ट्रॅक्टरचा मागचा भाग तत्त्वतः हाच डबा आहे, फक्त दसपट थोराड. त्यातलं तेल ठरलेल्या तासांनी बदलायचं असतं यावर गावातल्या कुणा शेतकऱ्याने वाद घातलेला मी ऐकलेला नाही.

आपल्या बैलगाडीखाली वंगणाचा नळा लटकत असे. तेलात काजळी कालवून भिजवलेली चिंधी त्यात कोंबलेली. मुक्कामाला पोचलं की गाडीवान चाक सोडवून आसाला ते वंगण लावायचा, आणि लावताना बोटाने आस चाचपायचा. वंगण घालणं आणि तपासणं ही त्याच्यासाठी एकच क्रिया होती. सीलबंद डब्याने आपल्यापासून काय हिरावलं असेल, तर ते हे चाचपणं.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे जाड वंगणाकडे.

बाजारात ‘९० नंबर’ हा जाड तेलाचा मापदंड मानला जातो. ४० नंबरचं इंजिन ऑइल पातळ, ९० नंबरचं गिअर ऑइल दुपटीने जाड, अशी समजूत. ही चूक आहे, आणि तिच्यावर पुढच्या बऱ्याच चुका उभ्या आहेत. इंजिन तेलाची आणि गिअर तेलाची क्रमांकपट्टी वेगवेगळी आहे. १०० अंश तापमानाला ९० नंबरच्या गिअर तेलाची दाटी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असते. इंजिन तेलात ४० नंबरची १२.५ ते १६.३, आणि ५० नंबरची १६.३ ते २१.९. म्हणजे ९० नंबर हा इंजिनाच्या ४० आणि ५० यांच्या अधेमधे बसतो. हायड्रो-गिअरच्या अनेक जोड्यांत २०डब्ल्यू-५० इंजिन तेल घालायला सांगतात, ते ऐकून आमच्याकडचे मिस्त्री ‘इतकं पातळ?’ म्हणून डोळे मोठे करतात. ते पातळ नाही.

१४० नंबर मात्र खरोखर जाड आहे. तो घातला की आवाज बसतो हेही खरं. दाट तेलाची गादी दातांच्या आदळण्याला मऊ करते. पण तेलाला फक्त गादी व्हायचं नसतं. दोन धातूंच्या फटीत शिरायचं असतं, तिथली उष्णता उचलून डब्याच्या भिंतीपर्यंत न्यायची असते, झिजेचा कीस खाली बसवायचा असतो. हायड्रोस्टॅटिक ट्रान्सॅक्सलमध्ये तर तेलच ताकद वाहून नेतं: तिरक्या तबकडीवर घसरणारे छोटे दट्टे तेल ढकलतात आणि ते तेल मोटर फिरवतं. तिथे जाड तेल पंपाच्या तोंडापर्यंत वेळेवर पोचलं नाही, तर पोकळी तयार होते आणि पंप शिट्टी घालू लागतो. ज्या आवाजावर उपाय म्हणून तेल घातलं, त्याच आवाजाचं नवं कारण आपण ओतलेलं असतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ग्रीसची गोष्ट याहून गंभीर आहे. तिचा पुरावा मी डोळ्यांनी पाहिला.

आमच्या वसाहतीतला ट्रान्सॅक्सल जुन्या गिअरवाल्या जातीचा. या जातीच्या अनेक पीअरलेस डब्यांत तेल नसतंच. कारखान्यातून बेंटोनाइट ग्रीस भरून येतं, आठशे मालिकेच्या डब्यात सुमारे ३० औंस, म्हणजे साधारण साडेआठशे ग्रॅम. बेंटोनाइट ही एक माती. आपल्याकडे कच्छात तिच्या खाणी आहेत. मातीने घट्ट केलेलं ग्रीस कितीही तापलं तरी साबणाच्या ग्रीससारखं वितळून गळत नाही, हा त्याचा गुण. गेली दोन वर्षं हे यंत्र घरघरत होतं. एका विक्रेत्याने ‘सीलबंद आहे, नवा मागवा’ असं लिहून दिलं होतं. त्याआधी कुणीतरी गिअरकांडीच्या तोंडातून बाजारातलं पिवळं एपी-३ ग्रीस पंपाने आत भरलं होतं. काही आठवडे शांततेत गेले, आणि मग आवाज आधीपेक्षा वाढला.

मागच्या जुलैत मी आणि वसाहतीच्या दारापाशी ई-रिक्षा दुरुस्त करणारे एक उस्ताद, असे आम्ही दोघांनी तो उतरवला. बोल्ट सोडले, रबरी हातोडीने कडेकडेने ठोकत डब्याची दोन अर्धुकं वेगळी केली. आतलं दृश्य मी विसरणार नाही. ग्रीस भरपूर होतं, पण सगळं भिंतींना चिकटलेलं. मधोमध गिअरांच्या आकाराची स्वच्छ पोकळी, साच्यातून मूर्ती काढावी तशी. आणि त्या पोकळीत गिअर जवळजवळ कोरडे, दातांच्या मुळाशी तपकिरी गंज. तळाला बोट घातलं तर ताकासारखा पांढुरका द्रव लागला, आणि बोट उन्हात धरल्यावर त्यात पितळेची चमक दिसली. उस्ताद बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘बाबूजी, ये तो भूखा मर रहा था.’

भरल्या कोठारात उपाशी, हे त्यांनी अचूक हेरलं होतं. ग्रीसचा घट्टपणा एका प्रमाणित शंकूच्या सुईने मोजतात: सुई जितकी खोल रुतेल तितकं ग्रीस मऊ. ३ क्रमांकाच्या ग्रीसमध्ये ती २२ ते २५ मिलिमीटर जाते, ०० क्रमांकाच्या ग्रीसमध्ये ४० ते ४३. ०० क्रमांकाचं ग्रीस सायीसारखं वाहतं. गिअरने बाजूला फेकलं तरी सावकाश परत येतं. एपी-३ ग्रीस जिथे फेकलं तिथेच बसतं. चाकाच्या बेअरिंगमध्ये तो गुण ठरतो, गिअरच्या डब्यात घात. त्यात हे बाजारी ग्रीस लिथियम साबणाचं. लिथियम आणि बेंटोनाइट यांचं सहसा पटत नाही. एकत्र आले की घट्टपणा देणारी बांधणी मोडते आणि तेल सुटून खाली जातं. जुन्या ग्रीसची माती आणि नव्या ग्रीसचा साबण यांनी एकमेकांना निकामी केलं होतं.

पाणी कुठून आलं? कापणी झाल्यावर माळी यंत्र पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचा. त्याचा हेतू चांगलाच. पण तापलेल्या डब्यावर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते, आणि जिथे रबर ढिलं असेल तिथून डबा बाहेरचं पाणी ओढून घेतो. हे त्याला नीट समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, ‘साहब, हमें तो साफ़ रखने को बोला था.’ खरं होतं त्याचं. आता तो आधी मऊ ब्रश फिरवतो, यंत्र गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसतो. हायड्रोस्टॅटिक ट्रान्सॅक्सल असेल तर हा ब्रश अर्धी दुरुस्तीच आहे, कारण त्याच्या डोक्यावरचा पंखा आणि थंडाव्यासाठीच्या कडा गवताच्या चुऱ्याने भरल्या की आतलं तेल शिजत राहतं.

आता ज्या तर्कावर पूर्वपक्ष उभा आहे त्या तर्काकडे येतो. ‘आवाज आहे, म्हणून ट्रान्सॅक्सल संपला.’ न्यायशास्त्राच्या भाषेत आवाज हा हेतू आणि संपणं हे साध्य. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करता येतं, कारण अग्नीशिवाय धूर नसतोच. पण उलट चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो, हे उदाहरण नैयायिकांनी शतकानुशतकं दिलं आहे. जो हेतू साध्य नसतानाही आढळतो तो सव्यभिचार, त्यावरून अनुमान करायचं नाही. मागून येणारा आवाज ट्रान्सॅक्सल धडधाकट असतानाही येतो. पट्टा ताणणाऱ्या पुलीचं बेअरिंग सुकलं की येतो. चाकाच्या तुंब्यातली चावी झिजली की सुरू होताना ‘टक’ होतो. पट्ट्याला गाठ आली की ठेका धरतो. म्हणून पहिली परीक्षा पट्टा सोडवायची: इंजिन बंद, पट्टा ढिला, यंत्र हाताने ढकलायचं. आवाज गेला तर डब्याला दोष देण्याचं कारणच उरत नाही. राहिला तर मागची दोन्ही चाकं उचलायची, गिअर घालायचा, आणि एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं उलट दिशेने फिरलं पाहिजे. अडखळलं, तर दोष डिफरन्शियलमध्ये.

पुढची परीक्षा कानाची. चाकं उचललेलीच ठेवून, खाली पक्के टेकू देऊन, यंत्र मंद चालवायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्यावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. वेगाबरोबर वर चढणारी बारीक शिट्टी हायड्रोस्टॅटिकमध्ये बहुधा हवा शिरल्याची किंवा तेल कमी झाल्याची. वाळूवरून चाक गेल्यासारखी सलग खरखर बेअरिंगची. चाकाच्या फेऱ्यागणिक एकदा येणारी टकटक तुटलेल्या दाताची. गिअर घातल्यावर सुटून परत अडकल्याचा खडखडाट असेल, तर गिअर पकडणाऱ्या चाव्यांची टोकं गोल झाली आहेत. दिल्लीच्याच आयआयटीत घर्षण, झीज आणि यंत्रांच्या कंपनांचा अभ्यास करणारं केंद्र अनेक दशकं चाललं. तिथल्या उपकरणांनी जे आलेखावर उमटतं, त्याचं ढोबळ रूप या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीत ऐकू येतं. आवाज साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला जाड तेल पाजून गप्प केल्यावर खटला कसा चालणार?

आणि ‘आवाज नाही, म्हणून झीज नाही’ हे तर तापलेल्या गोळ्याचंच उदाहरण. एपी-३ भरल्यानंतरच्या ज्या शांत आठवड्यांत वसाहतीतले सगळे समाधानी होते, त्याच आठवड्यांत आत गिअर कोरडे पडत होते.

शांत यंत्राची ओढ माणसाला पहिल्यापासून आहे, ती मला मान्य आहे. एडविन बडिंगने १८३० साली इंग्लंडमध्ये पहिल्या गवतकापणी यंत्राचं पेटंट घेतलं, ते ओतीव लोखंडाच्या गिअरांवर चालायचं आणि खणखणाट करायचं. १८५९च्या सुमारास लीड्सच्या थॉमस ग्रीनने आपलं यंत्र ‘सायलेन्स मेसॉर’, म्हणजे ‘मूक कापणारा’, या लॅटिन नावाने बाजारात आणलं. ते मूक झालं कशाने? ग्रीनने बडिंगच्या गिअरांवर आणखी चरबी थापली नाही. त्याने गिअर काढून साखळी बसवली. आवाजाचं कारण शोधून ते कारण बदललं.

इथे प्रतिपक्षाला एक गोष्ट द्यायला हवी. काही ट्रान्सॅक्सल खरंच संपतात. हायड्रोस्टॅटिकच्या पंपाचा आणि मोटरचा आरशासारखा घासलेला पृष्ठभाग चरे पडून खराब झाला असेल, तर तेल आतल्या आत निसटतं; यंत्र थंड असताना चालतं आणि तापलं की चढावर थांबतं. तिथे नुसतं तेल बदलून दिलासा थोडेच दिवस मिळतो. टफ टॉर्क कंपनीच्या के-४६ सारख्या बहुप्रचलित डब्याला तेल काढायचं बूच नसतं. तो यंत्रापासून सोडवून उलटा करावा लागतो, आणि नवं तेल भरल्यावर चाकं उचलून, सुटी करायची कांडी ओढून, पुढेमागे फिरवत हवा काढावी लागते. हे सगळं कष्टाचं आहे. पण कष्टाचं असणं निराळं आणि अशक्य म्हणून लिहून देणं निराळं.

भाग मिळत नाहीत, या आक्षेपाचं काय? आमच्या डब्याचं वास्तव असं निघालं: सगळे गिअर धड. पुलीच्या दांड्याचं एक बेअरिंग खरखरीत. तीन ऑइल सील कडक. दोन चाव्यांची टोकं थोडी गोल, पण चालतील अशी. रिव्हर्सची साखळी ताणलेली. बदलायलाच हवेत असे भाग चार, आणि चारही नगावर मिळणारा माल. कश्मीरी गेटला ऑइल सील, जी. बी. रोडला बेअरिंग. ते ट्रान्सॅक्सलचे भाग म्हणून मागितले तर कुणी देणार नाही. मापावर मागायचे असतात.

मात्र इथेच सर्वांत मोठा खड्डा आहे आणि तो मला दुकानाच्या फळीवरच दिसला. अमेरिकन डब्याचे आस इंचात असतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. दुकानदाराने २० मिलिमीटरचं सील पुढे केलं: ‘एक ही बात है.’ एक बात नाही. जवळजवळ एक मिलिमीटर ढिला ओठ आसाला पुरेसा घट्ट टेकणार नाही, आणि पहिल्याच पावसात पाणी आत. बेअरिंगचंही तसंच. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचं भोक २५ मिलिमीटर, इंचाचा आस २५.४. ते बसत नाही म्हणून कुणी खरादवाला आस घासून बारीक करून देतो, आणि त्या क्षणी खरोखर न मिळणारा भाग कायमचा जातो. इंची मापाचं सील तिसऱ्या दुकानात मिळालं. व्हर्नियर खिशात असला तर हा सगळा शोध एका सकाळचा आहे.

दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही, हा आक्षेप तर दिल्लीत राहून कुणी घ्यावा याचंच मला दुःख होतं. २०१४ साली उच्च न्यायालयाने ई-रिक्षा थांबवल्या, २०१५च्या दुरुस्तीने मोटर वाहन कायद्यात त्यांना जागा मिळाली, आणि तेव्हापासून या शहराच्या गल्लोगल्ली त्या धावतात. ई-रिक्षाचा मागचा भाग म्हणजे मोटर, गिअर आणि डिफरन्शियल यांचा एकत्र डबा, आमच्या ट्रान्सॅक्सलचा सख्खा भाऊ. तो रोज उघडणारे, धुणारे, सील बदलणारे हात प्रत्येक नाक्यावर आहेत. आमचे उस्ताद त्यांपैकीच. त्यांना बेंटोनाइट माहीत नव्हतं. मला वॉशरची उतरती कड दांड्याच्या कोणत्या बाजूला ठेवायची ते त्यांच्याइतक्या सहज उमगलं नाही. त्यांनी काढलेला प्रत्येक वॉशर काढल्या क्रमाने तारेत ओवून ठेवला होता.

अडचण हातांची नाही, माहितीची आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटारकंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मिस्त्रींपर्यंत पोचू दिली जात नाही याच कारणासाठी. दंडाची लढाई पुढे वर गेली, पण प्रश्न नोंदला गेला. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारंही आहेत. गवतकापणी यंत्र त्यात धरलं जावं असं मला वाटतं. दुसरीकडे, दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल वाहन दिल्लीच्या रस्त्यावर नको, हा नियम हवेसाठी झाला. पण त्याची सवय अशी जडली की कोणतीही जुनी यांत्रिक वस्तू भंगारातच जायची असते, असं लोक धरून चालतात. धूर इंजिन सोडतं. गिअरपेटीच्या वयाचा हवेशी काही संबंध नाही, आणि मायापुरीच्या भंगारबाजारातून वितळवायला जाणारा चांगला डबा पुन्हा ओतायलाही इंधन जळतंच.

आम्ही सगळे भाग डिझेलने तीनदा धुतले, जुन्या मातीचा कणही राहू दिला नाही, कारण नवं ग्रीस लिथियमचं घालायचं होतं. ०० क्रमांकाचं ग्रीस फरीदाबादेतून आणलं. संगणकावर चालणाऱ्या खरादांना ते लागतं, म्हणून कारखान्यांच्या भागात मिळतं. घरच्या काट्यावर साडेआठशे ग्रॅम तोललं. अर्धुकं जुळवण्याआधी उस्तादांनी पुलीचा दांडा दोन बोटांनी फिरवला, ग्रीस गिअरवरून सायीसारखं ओघळून परत खाली आलं, आणि त्यांनी तो उगाचच आणखी दोनदा फिरवला.

यंत्र आता पुढच्या पाचही गिअरमध्ये शांत आहे. रिव्हर्समध्ये टकटक आहे. ती ताणलेल्या साखळीची, आणि त्या मापाची साखळी अजून मिळालेली नाही. तोवर माळ्याला सांगून ठेवलंय की वळायला जागा असेल तिथे रिव्हर्स घेऊ नकोस, आणि टकटक वाढली तर वरून काही घालू नकोस, मला हाक मार.